बेगमी : खानदेशच्या घरांची संकटाशी तयारी

'बेगमी' हा शब्द आपल्या बोलण्यात नेहमी येतो. पावसाळ्याची बेगमी, वर्षाच्या धान्याची बेगमी, सरपणाची बेगमी. शब्द फारसीतून आलेला आहे. 'बे' म्हणजे नसणं आणि 'गम' म्हणजे दुःख, चिंता. चिंता नसणं ती बेगमी. पुढे मराठीनं या शब्दाला कामाला लावलं आणि चिंता राहू नये म्हणून घरात जे भरून ठेवायचं त्यालाच आपण बेगमी म्हणू लागलो. अलीकडे आपत्ती व्यवस्थापन, आणीबाणीची तयारी असे शब्द कानावर पडतात. पण खानदेशातल्या घरांना ही तयारी नवी नाही. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्यांच्या काठच्या घरांनी दुष्काळ, पूर, लूट आणि साथी असं सगळं पाहिलं आहे. या घरांनी कशाकशाची तयारी केली, ती कुठे उपयोगी पडली आणि कुठे अपुरी ठरली, हे पाहणं आजही कामाचं आहे.

दुष्काळाचा रस्ता

अहिराणीत दुष्काळाला 'दुकाय' म्हणतात. या दुकायाची खानदेशातली सर्वांत भयंकर जुनी नोंद १६३० ते १६३२ या काळातली आहे. तेव्हा खानदेश हा मोगलांचा सुभा होता आणि बऱ्हाणपूर त्याचं मुख्य ठिकाण. दख्खनच्या मोहिमेसाठी बादशहा शहाजहान तिथेच मुक्कामाला होता. पाऊस गेला, गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे धान्य मिळेना. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरकडे गेला. रस्त्याच्या कडेला पडलेल्या प्रेतांची त्यानं केलेली वर्णनं आजही वाचवत नाहीत. बादशहानं बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे अन्नछत्रं उघडली. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले गेले आणि वीस सोमवारांत एक लाख रुपये खर्ची पडले, असं दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो.

एक लाख ही त्या काळी मोठी रक्कम होती. पण बऱ्हाणपूरच्या वाटपाचा नंदुरबारच्या किंवा पारोळ्याच्या खेड्यातल्या माणसाला काय उपयोग? रस्ते लांब, बैलांना चारा नाही, त्यामुळे धान्य हलणार कसं? ज्या गावात धान्य आहे तेच गाव जगणार, हा त्या काळचा हिशेब होता. म्हणून बेगमी राजधानीत असून भागत नसे. ती घरात किंवा निदान गावात असावी लागे.

जमिनीच्या पोटातलं वर्ष

ही बेगमी ठेवायची जागा म्हणजे पेव. गावठाणातल्या कोरड्या, पाणी न झिरपणाऱ्या जमिनीत खोल खड्डा खणायचा. तोंड माणूस उतरेल एवढंच अरुंद, खाली पोट मोठं. आतून कडबा, भुसा यांचा थर द्यायचा, त्यात ज्वारी भरायची, वरून पुन्हा कडबा आणि मग माती थापून तोंड बंद करायचं. हवा लागली नाही तर ज्वारी काही वर्षं टिके. तिला थोडा कुबट वास येई, पण दुष्काळात वासाकडे कोण पाहतो?

पेव उघडणं हे जोखमीचं काम असे. बंद खड्ड्यात विषारी वायू साठतो. घाईनं खाली उतरलेला माणूस तिथेच गुदमरून मरे. म्हणून जाणती माणसं पेव आधी उघडून ठेवत, मग दोरीला बांधून पेटता दिवा खाली सोडत. दिवा विझला तर उतरायचं नाही. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण म्हणतो, त्या म्हणण्यामागे हे साठवणीचं पेव आहे. इतके दिवस जमिनीत दडलेलं धान्य एकदम बाहेर येतं, तसं एकाएकी भरमसाट होणं.

रोजच्या खाण्याचं धान्य पेवात नसे. ते घरातल्या कणगीत असे. तुराट्यांची किंवा बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतबाहेरून शेणमातीनं लिंपलेली कणगी. मोठ्या वाड्यांत भिंतीला लागून बांधलेली बळदं असत. धान्यात कडुनिंबाचा पाला आणि राख मिसळत, डाळीला एरंडेल चोळत. माप पायलीचं. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं तर पाच माणसांच्या घराला वर्षाला नऊ क्विंटल लागतं. कुठलंही पाटीपुस्तक न घेता हा हिशेब घरातली बाई डोक्यात ठेवी. कणगी किती खाली गेली हे पाहून ती भाकरीचं पीठ कमीजास्त करी. ज्वारी पुरेनाशी झाली की त्यात उडीद मिसळून कळणा दळायचा, हेही तिचंच गणित.

बियाणं मात्र वेगळं. ज्वारीची निवडक कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगत. धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. घरात खायला नसलं तरी या कणसांना हात लावायचा नाही, असा दंडक होता. बियाणं खाल्लं म्हणजे पुढचं वर्षही खाल्लं. एखाद्या घरानं बियाणं दळायला काढलं की गाव समजून जाई, आता या घरापाशी काहीच उरलं नाही.

वर्षाच्या बेगमीला तारीखही ठरलेली असे. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीच्या तोडीचा सण. सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. आखाजीच्या आगेमागे बिबड्या, कुरडया, पापड, शेवया, वडे यांची वाळवणं धाब्यावर पसरलेली असत. धाब्याच्या घरांवर नवी माती टाकायची, गोवऱ्या आणि काड्या आडोशाला रचायच्या, कडबा झाकायचा. हे सगळं मिरगाच्या आत. पाणी येण्याआधी घर तयार, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडलाही जात नसे.

लुटीचे दिवस

कणगी आणि पेव यांनी पावसाशी सामना करता येई. सैन्याशी येत नसे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. पेरण्या झाल्या नाहीत, त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि गावंच्या गावं ओस पडली. पुढे पेंढारी, अरब शिबंदी, डोंगरातले नाईक, यांच्यापैकी कोण कधी येईल याचा नेम नसे. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे आला, तेव्हा त्याच्या ताब्यात आलेला मुलूख मोठ्या प्रमाणात उजाड होता.

खानदेशात फिरताना गावोगाव मातीच्या गढ्या दिसतात. बऱ्याच आता ढासळल्या आहेत. संकट आलं की माणसं, गुरं आणि धान्य घेऊन गढीत शिरायचं, हीसुद्धा तयारीच होती. पेवाचं तोंड जमिनीखाली लपवण्यात हेच शहाणपण होतं. वरून चालणाऱ्या घोडेस्वाराला पायाखाली काय आहे ते कळू नये.

कापूस आला, पेव रिकामं झालं

१८६० च्या दशकात दोन गोष्टी एकदम घडल्या. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या वाटेनं रेल्वे आली आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशची काळी जमीन कापसाला उत्तम. पुढे जळगावात कापडाची गिरणी आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. शेतकऱ्याच्या हातात रोख रुपया खेळू लागला. ज्वारीच्या जागी कापूस लावायचा आणि धान्य बाजारातून आणायचं, हे त्याला परवडू लागलं.

पेवाची गरज यातून कमी झाली. रेल्वे आहे, धान्य कुठूनही येईल, मग ते जमिनीत कुजवत कशाला ठेवायचं? या विचारात चूक नव्हती. रेल्वेमुळे धान्य खरोखरच पोचू लागलं. पण १८७६-७८ च्या दुष्काळात आणि विशेषतः १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांत एक नवीच गोष्ट लोकांना कळली. बाजारात पोती रचलेली आहेत आणि घेणाऱ्याकडे पैसा नाही. शेतात काम नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून दाणा नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंही हेच ओळखलं होतं, की दुष्काळात पहिली वाण पडते ती कामाची. त्यातून दुष्काळी कामांचे नियम झाले, खडी फोडण्याची आणि तलाव खणण्याची कामं निघाली. १८९९ चा दुष्काळ विक्रम संवत १९५६ चा, म्हणून व्यापारी पेठांत तो 'छप्पन्नचा' म्हणून लक्षात राहिला.

घरची बेगमी धान्यातून पैशात गेली, एवढाच बदल झाला होता. पण कणगीतली ज्वारी भाव वाढले तरी पोट भरते. गाठीचा रुपया भाव वाढले की अर्धा होतो. हा फरक त्या वर्षांनी शिकवला.

ज्यांच्या घरी कणगीच नव्हती

इथपर्यंत आपण ज्यांच्या घरी कणगी होती त्यांच्याविषयी बोललो. पण ज्याची जमीनच नाही त्यानं पेवात काय भरायचं? सालदाराला वर्षाच्या मजुरीतला काही भाग धान्यात मिळे. ते धान्य मिळेल तेव्हा मिळेल आणि पुरेल तितकं पुरेल. दुष्काळात मालकानं साल मोडलं की त्याची बेगमी तिथेच संपली.

'कणगीत दाणा तर भील उताणा' अशी एक जुनी म्हण आहे. घरात धान्य असेपर्यंत भील काम करत नाही, असा तिचा रोख. म्हण ज्यांनी केली त्यांच्या घरी पेवं होती, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. सातपुड्यातल्या आणि साक्री, नवापूरकडच्या भिल्ल, पावरा, कोकणा घरांची बेगमी कणगीत नव्हती, ती जंगलात होती. चैत्रात मोहाची फुलं वेचून वाळवायची, ती पावसाळ्यात खायची. कंद कुठे सापडतो, कोणता कडू आणि तो किती पाण्यात उकळला म्हणजे खाण्याजोगा होतो, बांबूचे कोंब कधी काढायचे, पहिल्या पावसानंतर कोणती भाजी उगवते, हे ज्ञान म्हणजे त्यांचं पेव. १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव जंगलं झाली आणि या पेवाच्या तोंडावर सरकारी कुलूप बसलं. त्यानंतर आलेल्या दुष्काळांत भिल्ल वस्त्यांची जी दशा झाली तिचं कारण त्यांच्या आळसात शोधणं अन्यायाचं आहे.

हे ज्ञान पुरतं गेलेलं नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं आपलं जंगल पुन्हा वाढवलं. तिथे अनेक वर्षं वनभाज्यांची स्पर्धा भरत आली आहे. गावच्या बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. स्पर्धेला येणारे पाहुणे चव घेतात. पण त्या पानांवर मांडलेली असते ती एका समाजाची दुष्काळातली शिदोरी.

उंदरांनी शिकवलेला धडा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो खानदेशातही पोचला. दुष्काळ आणि प्लेग एकाच वेळी. प्लेगनं घरच्या बेगमीची दुसरी बाजू दाखवली. धान्य असेल तिथे उंदीर असतो, उंदरावर पिसू असते आणि पिसवेतून रोग माणसात येतो. ज्या बळदानं घराला दुष्काळात जगवलं तेच बळद आता रोगाचं घर ठरलं. उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहू लागले. महिना-दोन महिने घराला कुलूप. सोबत थोडं धान्य, भांडी, अंथरूण आणि गुरं.

एका संकटाची तयारी दुसऱ्या संकटात अंगावर येऊ शकते, हे त्या पिढीनं पाहिलं. घरात भरून ठेवण्याइतकंच, वेळ आली तर घर सोडून निघता येणं महत्त्वाचं. काय उचलायचं, गुरं कोणी हाकायची, म्हातारीला कोणी धरायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं आणखी एक गोष्ट शिकवली. घरातली सगळी माणसं एकदम अंथरुणाला खिळली तर पाणी देणारा शेजारी हीच खरी बेगमी.

नदी घरात येते तेव्हा

दुष्काळी मुलुखात पुराचा विसर लवकर पडतो. सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरा आणि गिरणा या नद्यांना मोठा पूर आला. एकट्या धुळे शहरात पाचशेहून अधिक घरं वाहून गेली. पेवात पाणी शिरलं की धान्याचा चिखल होतो, हे सांगायला नको.

पूर गावात किती झपाट्यानं शिरतो ते अलीकडे चाळीसगावनं अनुभवलं. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, शेकडो जनावरं दगावली. अशा वेळी धान्य वाहून जातं ते जातंच. पण सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले भिजले की नुकसानभरपाई मागायलाही कागद उरत नाही. जुन्या घरांत जमिनीचे कागद पेटीत घालून माळ्यावर ठेवत, त्याला कारण होतं. इतिहासाचार्य राजवाडे ज्या धुळ्यात राहिले आणि १९२६ मध्ये जिथे त्यांचं निधन झालं, त्या धुळ्याला कागद जपण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. राजवाड्यांनी जन्मभर गावोगावचे जुने कागद गोळा केले ते वाळवी आणि पाणी यांच्या तोंडातूनच.

बहात्तर सालचं पेव

आजच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला दुष्काळ १९७२ चा. त्या वेळी बऱ्याच घरांत कणगी होती, पण रिकामी होती. तरी माणसं १८९९ सारखी मेली नाहीत. याचं मुख्य कारण दुष्काळी कामं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव खणले, कामावर सुकडी खाल्ली, रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलोच्या भाकऱ्या केल्या. ज्वारी खाणाऱ्या तोंडाला ती भाकरी रुचली नाही, पण तिनं जीव तगवला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशभरासाठी तसा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं.

एका अर्थानं राज्यानं घरोघरच्या रिकाम्या कणग्यांच्या जागी एक मोठं सामाईक पेव खणलं. ज्याला जमीन नाही त्यालाही त्यातून मागायचा हक्क मिळाला. घरच्या बेगमीनं शेकडो वर्षांत जे साधलं नव्हतं ते यानं साधलं.

खरं तर सामाईक तयारीची रीत खानदेशाला आधीपासून ठाऊक होती. पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर बंधारे घालून चालणारी फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. जमिनीचे फड पाडायचे, प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी झालं तर एखादा फड अख्खा कोरडा ठेवायचा. म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते, कोणी एकटा बुडत नाही. पाटकरी पाणी सोडणार आणि त्याचा शब्द गावानं मानायचा. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची जी कामं केली, तीही पावसाचं पाणी जमिनीच्या पोटात साठवण्याचीच. पेवच ते, पाण्याचं.

आता काय भरून ठेवायचं?

आज नऊ क्विंटल ज्वारी घरात भरण्याची कोणाला गरज नाही आणि फ्लॅटमध्ये तेवढी जागाही नाही. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा किती घरांत आठ दिवसांचा किराणा होता, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. पंधरा दिवसांचं धान्य-डाळ, वाळवणाचा एखादा डबा आणि घरातल्या रुग्णाची पंधरा दिवसांची औषधं, एवढी आजची कणगी पुरे. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून निदान तीन दिवसांचं. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या गावांना हे सांगावं लागत नाही. विजेरी, थोडे रोख पैसे आणि कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर. जळगाव, भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा क्षार-संजीवनीची पाकिटंही हवीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि मदतीचा ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहिलेले असावेत, कारण संकटात मोबाइलची बॅटरी आधी संपते. नदीकाठच्या घरांनी एक गोष्ट आणखी ठरवावी. भोंगा वाजला, दवंडी झाली, तर कोणत्या वाटेनं आणि कुणाच्या घरी जायचं.

चार शतकांच्या अनुभवातून दोनच गोष्टी उरतात. घरात काही नसेल तर राजधानीतली मदत पोचेपर्यंत उशीर होतो, हे १६३० नं दाखवलं. आणि फक्त आपल्याच घरात असून भागत नाही, हे छप्पन्ननं आणि बहात्तरनं दाखवलं. ज्याच्या घरी कणगी नाही त्याचं काय, हा प्रश्न गावानं आणि सरकारनं सोडवला तरच सगळ्यांची चिंता जाते. आखाजीला आपण वाळवणं घालतो, पाण्याची घागर भरतो. त्याच दिवशी औषधांचा डबा उघडून तारखा पाहाव्यात, कागद नीट लावावेत आणि शेजारी एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात काय आहे, काय नाही, तेही एकदा विचारून यावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)